परवाना करार की परस्पर सामंजस्य? : ‘सेरू’ची चिकित्सा

प्रस्तावना :
इलेक्ट्रॉनिक वाचनसाधने घेताना किमतीइतकाच परवाना करारही निर्णायक ठरतो. कराराचा मसुदा बहुधा प्रकाशकाचा असतो. देवळाली प्रवरासारख्या गावातील महाविद्यालयाला तो तपासणारा विधिज्ञ क्वचितच लाभतो. यावर पर्याय म्हणून अमेरिकेतील ‘निसो’ या मानक संस्थेने २००८ मध्ये ‘शेअर्ड इलेक्ट्रॉनिक रिसोर्स अंडरस्टँडिंग’ अर्थात ‘सेरू’ ही शिफारस प्रसिद्ध केली. २०१२ मध्ये तिची व्याप्ती ई-नियतकालिकांपलीकडे वाढविण्यात आली. आपल्या ग्रंथालयांच्या दृष्टीने तिचे मूल्यमापन येथे केले आहे.

स्वरूप व बलस्थाने :
‘सेरू’ हा करार नसून उभयपक्षी समजुतीचे निवेदन आहे. किंमत व कालावधी मागणीपत्रात नमूद होतात. अधिकृत वाचक, योग्य वापर, गोपनीयता व जतन यांविषयीच्या अपेक्षा निवेदनात येतात. वापराची मर्यादा प्रचलित कॉपीराइट कायदाच ठरवितो. हेच तिचे मुख्य बलस्थान होय. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे कलम ५२ संशोधन व अध्यापनासाठी काही सवलती देते. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनविषयक सवलतीचा उदार अर्थ लावला. परवान्यातील जाचक अटी अशा सवलती संकुचित करू शकतात. ‘सेरू’ त्या अबाधित ठेवते.

मर्यादा :
तथापि ‘सेरू’ दोन्ही पक्ष समबल असल्याचे गृहीत धरते. ती किमतीच्या प्रश्नाला स्पर्श करीत नाही. वर्गणी थांबल्यावर जुने अंक वाचता येतील काय, हा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न केवळ सद्भावनेवर सोडणे धोक्याचे आहे. शिवाय आपल्याकडील बड्या प्रकाशकांशी वाटाघाटी सामूहिक पातळीवर होतात. ‘एन-लिस्ट’मध्ये ‘इन्फ्लिबनेट’ महाविद्यालयांच्या वतीने हे काम करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. मात्र तिचा भर शासकीय संस्थांवर आहे. तेथे किंमत कमी होते ती संघटित मागणीमुळे, सामंजस्यामुळे नव्हे.

निष्कर्ष :
म्हणून ‘सेरू’चे खरे क्षेत्र लहान खरेदीचे आहे. मराठी संशोधनपत्रिका, विद्वत्सभा व छोटे प्रकाशक यांच्याशी व्यवहार करताना एकपानी मराठी सामंजस्यपत्र पुरेसे ठरावे. जुन्या अंकांवरील कायमस्वरूपी हक्क मात्र मागणीपत्रात स्पष्ट लिहून घ्यावा. विश्वास हा परवान्याला पर्याय होऊ शकतो. लेखी नोंदीला नव्हे.