‘स्मृतिचित्रे’ : क्षमेचा एक दुर्लक्षित पाठ

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मराठी समीक्षेने त्यांतील सरळ भाषेचा व विनोदाचा यथोचित गौरव केला आहे. आपल्या उपदेशपीठावरून मात्र या ग्रंथाचा उपयोग बहुधा एकाच हेतूने होतो. पतीने दिलेले दुःख हसत सोसून, सर्व विसरून, त्याच्या पाठोपाठ प्रभूकडे आलेल्या क्षमाशील पत्नीचा कित्ता म्हणून लक्ष्मीबाईंचे नाव घेतले जाते. हे वाचन ग्रंथावर अन्याय करणारे तर आहेच, परंतु पाळकीय दृष्ट्या घातकही आहे.

प्रथम ‘विसरण्या’चा विचार करू. या ग्रंथात विसरलेले असे काहीच नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने घरच्यांचे झालेले हाल त्यात आहेत. टिळकांचा संताप आणि न सांगता घरातून निघून जाणे, ही त्यात आहेत. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यावर मागे राहिलेल्या पत्नीची जी दशा झाली, तीही त्यात आहे. लेखिका कशावरही पांघरूण घालीत नाही. उत्पत्तीच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात योसेफ भावांना ओळख देतो, ती त्यांनी आपणास विकल्याचा स्पष्ट उल्लेख करूनच. अपराधाला नाव दिल्यावाचून क्षमा कशाची करावयाची? ‘स्मृतिचित्रे’ याच परंपरेतील ग्रंथ होय. स्मरण राहते, कडूपण जाते.

दुसरा मुद्दा काळाचा. पतीचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षे विरहाची, लोकनिंदेची व मनातील झगड्याची होती. त्या पुन्हा पतीजवळ राहावयास आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. समेट आधी झाला, मतैक्य मागाहून आले. जातिभेद देवाने केला की मनुष्याने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडविला व त्यानंतरच त्यांच्या जीवनास नवे वळण लागले. या क्रमाचे महत्त्व मोठे आहे. क्षमा करणारीने आपली सदसद्विवेकबुद्धी अपराध्याच्या स्वाधीन केली पाहिजे, असे येथे कोठेच दिसत नाही.

या ग्रंथाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. टिळक १९१९ मध्ये निवर्तले आणि ही चित्रे त्यानंतर रेखाटली गेली. त्यांतील प्रसन्न विनोद हा पैलतीरावरून मागे पाहणाऱ्या वृद्धेचा आहे, १८९५ मधील परित्यक्तेचा नव्हे. तो विनोद इतका मोहक आहे की वाचक टिळकांना फार लवकर, आणि लक्ष्मीबाईंच्या वतीने, क्षमा करून मोकळा होतो. आपल्या उपदेशांतील चूक येथेच उगम पावते. दीर्घ प्रवासाअंती लाभलेला स्वर आपण प्रवासाच्या पहिल्याच दिवशी दुखावलेल्या माणसाकडून मागतो.

पेत्राच्या प्रश्नाला प्रभूने दिलेले ‘सत्तर वेळा सात’ हे उत्तर आपण वारंवार उद्धृत करतो. परंतु मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात, पंधराव्या वचनापासून, अपराधी बंधूला त्याचा अपराध दाखविण्याची आज्ञा आहे आणि त्याने न ऐकल्यास साक्षीदारांची व मंडळीची योजनाही आहे. पहिली आज्ञा सांगून दुसरी गाळणे म्हणजे ओझे केवळ पीडितावर लादणे होय. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून पाळकगृहाच्या पायरीशी आलेल्या भगिनीस ‘क्षमा कर आणि घरी जा’ असे सांगणारा धर्मसेवक तिला कडूपणातून सोडवीत नाही. तो तिला मुकी करतो. तिची सुरक्षितता, नवऱ्याला अपराधाची स्पष्ट जाणीव करून देणे, आणि तिच्या मनाला लागेल तितका अवधी देणे, ही कामे मंडळीची आहेत.

क्षमेसाठी नव्या करारात येणाऱ्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सोडून देणे’, ‘मोकळे करणे’ असा आहे. मुठीत काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, तोच मूठ उघडू शकतो. लक्ष्मीबाईंना ते पुरतेपणी ठाऊक होते. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी स्वतः पूर्णतेस नेले. ज्याने दुखविले, त्याचेच काम आपले मानून पुढे नेण्याइतके त्यांचे मन मोकळे झाले होते. धर्मसेवकांनी हा ग्रंथ पुन्हा वाचावा, आणि या वेळी हसण्याच्या जागांइतकेच त्या हसण्यापूर्वीच्या वर्षांकडेही लक्ष द्यावे.