दोन्ही पक्षांचा एकच वकील : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील हितसंघर्ष

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाची (प्रथम प्रयोग : रंगायन, १९६७) समीक्षा प्रामुख्याने स्त्रीची घुसमट, मध्यमवर्गीय दांभिकता आणि समूहाची हिंस्रता या अंगांनी झाली आहे. ती यथार्थच आहे. तथापि लीला बेणारेचा छळ ज्या व्यवस्थेमुळे शक्य होतो, तिच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. या अभिरूप खटल्यात फिर्यादी पक्षाचा वकील आणि आरोपीचा वकील ही एकच व्यक्ती आहे : सुखात्मे.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या व्यावसायिक वर्तनाच्या नियमांपैकी नियम ३३ नुसार, एका पक्षासाठी सल्ला दिलेल्या किंवा काम केलेल्या वकिलाला त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षातर्फे उभे राहता येत नाही. नियम १५ नुसार आरोपीच्या दोषाविषयी स्वतःचे मत काहीही असले, तरी वकिलाने त्याचा बचाव केला पाहिजे. सुखात्मे हे दोन्ही नियम मोडतो आणि प्रेक्षक हसतो.

हे हसणे तपासून पाहण्यासारखे आहे. फिर्यादी पक्षातर्फे बोलताना सुखात्मेच्या वक्तृत्वाला मातृत्वाच्या पावित्र्यापासून समाजाच्या भवितव्यापर्यंत विषय पुरत नाहीत. बाजू बदलताच तोच मनुष्य मरगळतो, गुन्हा जणू मान्यच करतो आणि फक्त दयेची याचना करतो. वास्तविक बचावाला भरपूर वाव होता. सामंतची साक्ष त्याच्या हातातील कादंबरीवरून रचलेली आहे, कर्णिक ऐकीव गोष्ट सांगतो, प्रा. दामले तर हजरच नाहीत. पहिल्या वर्षाच्या विधी-विद्यार्थ्यालाही येथे उलटतपासणीचे चार प्रश्न सुचले असते. सुखात्मेला ते सुचत नाहीत, कारण त्याला खटला जिंकायचा आहे आणि जिंकण्याची बाजू त्याने आधीच निवडली आहे. कोर्टात ज्याच्याकडे पक्षकार फिरकत नाहीत अशा वकिलाला येथे यश हवे आहे. म्हणजे हितसंघर्ष दोन पक्षकारांपुरता उरत नाही. वकिलाची स्वतःची प्रतिष्ठा हा त्यातील तिसरा पक्ष ठरतो. तेंडुलकरांची दृष्टी येथे नियमावलीच्याही पुढे गेली आहे.

काशीकरचे उदाहरण याहून धडधडीत आहे. न्यायाधीशाच्या आसनावरून उठून तो स्वतःच साक्ष देतो, अविवाहित गरोदर शिक्षिकेला बडतर्फ करण्याविषयीचे कानावर पडलेले संभाषण सांगतो आणि पुन्हा त्याच आसनावर बसून निकाल देतो. नियम १३ नुसार, आपण साक्षीदार होऊ असे मानण्यास जागा असलेले प्रकरण वकिलाने स्वीकारू नये. जे वकिलाला वर्ज्य, ते न्यायाधीशाला कसे चालावे?

यावर कोणी म्हणेल, ही तर रंगीत तालीम. नट कमी होते म्हणून एकाने दोन भूमिका केल्या. आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या मते नाटकाचे मर्म त्यातच आहे. हितसंघर्ष बहुधा सोयीच्या मार्गानेच शिरतो. नाशिकसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वडिलांपासूनचा घरचा वकील भावाभावांच्या वाटपात दोघांचीही कागदपत्रे तयार करू शकतो. संमतीच्या घटस्फोटात एकाच वकिलाने दोघांचे काम पाहावे, ही अपेक्षा पक्षकारच बाळगतात. खर्च वाचतो, सलोखा टिकतो. पुढे एकाची तक्रार उद्भवली की त्याची बाजू मांडायला कोणी उरत नाही. अशा वेळी नियम १४ नुसार पक्षकारांशी असलेला संबंध वकिलाने आधीच उघड करणे आवश्यक असते.

अर्थात हितसंघर्ष टळला म्हणजे न्याय मिळाला, असेही नव्हे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात आरोपी शाहिराचा वकील निष्ठावान आहे. तरीही खटला त्या वृद्धाला पिळून काढतो. मात्र तेथे निदान त्याच्यासाठी कोणी प्रश्न विचारतो.

अधिनियमाच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे जाते आणि ती बहुधा नुकसान झालेल्यालाच करावी लागते. बेणारेला बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात. त्या अवकाशात ती जे स्वगत बोलते, तोच संपूर्ण नाटकातील तिचा एकमेव बचाव आहे, आणि रंगमंचावरील कोणाच्याही कानी तो पडत नाही.