अर्ध्या किलोचं मोल

इंदूरच्या सराफ्यात वजन ही फार नाजूक बाब आहे. राजवाड्यालगतच्या या गल्ल्यांत रात्री दुकानांची शटरं खाली आली की भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडा आणि परातीएवढी जिलेबी यांचं राज्य सुरू होतं, ते मध्यरात्र उलटेपर्यंत चालतं. दिवसा मात्र इथे सोनं तोललं जातं. जुन्या हिशेबात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचे शहाण्णव भाग करून त्यातल्या एकेका भागाचं मोल जाणणारा हा बाजार. याच बाजारातल्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आठवड्यातून तीन सकाळी डंबेलचा व्यायाम करतात. प्लेटा घालून-काढून वजन बदलता येणारी साधी जोडी आहे त्यांच्याकडे. त्यांचा व्यायाम पाहताना मला गाणं ऐकल्याचा आनंद मिळतो. हा आनंद नेमका कशातून येतो, ते उलगडून पाहण्यासारखं आहे.

आधी साधन पाहू. हातभरापेक्षा थोडा लहान लोखंडी रॉड, मधोमध बोटांना धरायला जाळीदार खरखरीत पकड, दोन्ही टोकांना आटे. त्यावर प्लेटा चढवायच्या आणि रबराची चकती असलेला चांदणीच्या आकाराचा नट फिरवून घट्ट करायचा. बाईंच्या संचात पाच किलोपासून सव्वा किलोपर्यंतच्या प्लेटा आहेत. शिवाय त्यांनी मुद्दाम मागवून घेतलेल्या अर्ध्या किलोच्या चार. या चार प्लेटा दिसायला किरकोळ, खेळण्यातल्या वाटाव्यात अशा. माझ्या मते साऱ्या संचाचा प्राण त्यांतच आहे.

हिशेब करून पाहा. रॉड दोन किलोचा, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो, म्हणजे हातात साडेचार किलो. आता वजन वाढवायचं म्हणून आणखी सव्वा-सव्वा किलो घातलं तर ते सात किलो होतं. कागदावर अडीच किलोची वाढ. खांद्याच्या दृष्टीने निम्म्याहून अधिक. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या प्लेटा घातल्या तर साडेपाच, म्हणजे बावीस टक्के. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची २००९ ची शिफारस अशी की, ठरवलेल्यापेक्षा एक-दोन रेप (आवर्तनं) जास्त सहज निघू लागल्या की वजन २ ते १० टक्क्यांनी वाढवावं. या मोजमापाने बावीस टक्केसुद्धा जास्तच. म्हणून बाई आधी वजनाला हात लावत नाहीत, रेप वाढवतात. आठच्या नऊ, नवाच्या दहा, असं करत बारा सफाईने निघाल्या की मग अर्धा-अर्धा किलो चढतो आणि आकडा पुन्हा आठवर येतो. पुढे वजन बारा किलोवर गेलं की तीच छोटी जोडी तेराच करते. आठ टक्के, अगदी शिफारशीत बसणारी वाढ. घाई नसलेल्या माणसालाच ही बढत साधते.

आपल्या तालमींनी ही बढत वेगळ्या वाटेने साधली होती. मुद्गल, करेल, नाल, गदा ही सगळी ठरीव वजनाची साधनं. अंगात बळ आलं की जड जोडी घ्यायची, नाहीतर जोर-बैठकांची संख्या वाढवायची. एका रॉडवर प्लेटा कमी-जास्त करण्याची सोय घराघरांत पोहोचवण्यात फिलाडेल्फियाच्या ॲलन कॅल्व्हर्टचा मोठा वाटा. त्याने १९०२ मध्ये मायलो बारबेल कंपनी सुरू केली. त्याच सुमारास, १९०४-०५ मध्ये, प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू युजेन सँडो हिंदुस्थानात आपले प्रयोग करून गेला. त्याच्याही आधी औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी त्याची साधनं आणि पुस्तकं मागवून व्यायाम करत होते. बरीच वर्षं तो व्यायाम नेमाने केल्यावर ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचे मोठे प्रचारक झाले. म्हणजे मराठी घरात डंबेल काही काल-परवा आलेलं नाही.

मात्र या साधनामागच्या विचाराला शास्त्राची बैठक मिळाली ती एका लष्करी डॉक्टरमुळे. टॉमस डेलॉर्म किशोरवयात संधिज्वराने अंथरुणाला खिळला होता. उठल्यावर वजनं उचलूनच त्याने शरीर परत कमावलं. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांवर त्याने हीच पद्धत वापरली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे त्याने आणि त्याचा सहकारी वॉटकिन्स याने तिची बांधणी आणखी सुटसुटीत केली. दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन धरायचं. पहिला सेट, म्हणजे सलग आवर्तनांची पहिली फेरी, त्याच्या निम्म्यावर, दुसरा पाऊणपटीवर, तिसरा पूर्ण वजनावर. या तीन पायऱ्यांचा घाट मला फार देखणा वाटतो. सांध्यांना आधी ओळख, मग तयारी, मग काम. प्लेटा बदलता आल्या नाहीत तर या घाटाला अर्थच उरत नाही.

आता प्रत्यक्ष एक हालचाल जवळून पाहू. बाईंच्या मागे एक लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली असते. डंबेल उभं धरून दोन्ही तळवे वरच्या प्लेटेखाली, कोपरं आत, वजन छातीला लागून. पावलं खांद्याइतकी फाकलेली. श्वास घेत त्या खाली जातात: आधी कंबर मागे जाते, मग गुडघे वाकतात, टाचा जमिनीला चिकटलेल्या. एक, दोन, तीन. खुर्चीच्या बैठकीला जेमतेम स्पर्श, आणि श्वास सोडत वर. गुडघे आत कोसळत नाहीत, ते पावलाच्या बोटांच्या रोखानेच राहतात. सगळं सौंदर्य त्या तीन अंकांत आहे. वर येणं कुणालाही जमेल, धसका देऊनही जमेल. खाली जाताना मात्र स्नायू ताणला जात असतानाही त्याला वजन पेलायचं असतं. तिथेच ताकद तयार होते आणि तिथेच निष्काळजी माणसाला दुखापतही होते. उस्ताद अमीर खाँ यांच्या गावात विलंबित लयीचं मोल वेगळं सांगायला नको. त्यांच्या अतिविलंबित झुमरा तालात दोन मात्रांमधलं अंतर भरून काढायला जो दम लागतो, तसाच दम या उतरण्याला लागतो. लय वाढवून सुटका करून घेणारा गवय्या लगेच ओळखू येतो. वजन भसकन खाली सोडणाराही.

या घराची जमीनच एक कडक गुरू आहे. खाली दुकान, मध्ये जुन्या तुळया आणि त्यांवर लाकडी तक्तपोशी. रबरी मॅट अंथरली तरी इथे डंबेल टाकून देता येत नाही. त्यामुळे प्रत्येक सेटचा शेवट, म्हणजे गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून वजन जमिनीवर टेकवणं, हाही व्यायामाचाच भाग होतो. ते नीट ठेवण्याइतकी ताकद राखूनच थांबावं लागतं. एकट्याने घरी व्यायाम करणाऱ्याला यापेक्षा चांगला नियम नाही. अजून दोन-तीन रेप निघाल्या असत्या असं वाटतं तिथे बाई थांबतात. तोंड वेडंवाकडं करून, श्वास कोंडून काढलेली शेवटची रेप त्यांच्या व्यायामात नसते. श्वास कोंडला की रक्तदाब झपाट्याने चढतो, हे त्या जाणतात. दोन सेटच्या मध्ये प्लेटा बदलायला आणि नट फिरवायला मिनिटभर जातं. अनेकांना हा या साधनाचा दोष वाटतो. मला तो गुण वाटतो, कारण आवश्यक तेवढी विश्रांती त्यात आपोआप मिळते.

नट आवळण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंच्या प्लेटा मोजायच्या, नट आवळायचा, डंबेल जमिनीलगत धरून किंचित हलवायचं आणि खुळखुळ ऐकू येते का ते पाहायचं. सेट झाला की पुन्हा तेच, कारण हालचालीने नट सैल होतो. हा वेळकाढूपणा मुळीच नाही. चकती फिरवून वजन निवडायच्या आधुनिक डंबेलांतही हाच धोका असतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्सची अशी सुमारे ३८ लाख डंबेलं परत मागवावी लागली. व्यायाम चालू असताना प्लेटा निसटून पडत होत्या. साधन कितीही महाग असो, डोक्यावर वजन नेण्याआधी ते कमरेखाली तपासून घ्यायला हवं.

हा सगळा खटाटोप साठीनंतर कशाला, असं कुणी विचारेल. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतो, साठीनंतर झीज वाढते. मांडी घालून बसलेल्या माणसाला हात न टेकता उठता येणं, जिना चढता येणं, तोल गेला तर सावरता येणं, हे सगळं त्या स्नायूवर अवलंबून. १९९० मध्ये बोस्टनमध्ये संशोधक मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांकडून आठ आठवडे देखरेखीखाली वजनाचा व्यायाम करून घेतला, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहूनही जास्त वाढली. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगते. रक्तदाब, हृदयविकार किंवा ठिसूळ हाडं असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावं. छातीत दुखलं, गरगरलं किंवा सांध्यात कळ आली तर तिथेच थांबावं. स्नायूचा थकवा वेगळा आणि सांध्याची कळ वेगळी. हा फरक काही आठवड्यांत शरीरच शिकवतं.

या संचाची मर्यादाही सांगायला हवी. पाय हातांपेक्षा जास्त वजन पेलतात आणि वर्षभरात डंबेल त्यांना हलकं पडू लागतं. मग उतरण्याचे तीन अंक पाच करावे लागतात, किंवा एका पायावर भार घ्यावा लागतो. यालाही चांगला रियाज म्हणता येईल: साधन तेच, मागणी वाढवलेली.

तेव्हा डंबेल घ्यायला दुकानात गेलात तर सगळ्यात मोठी प्लेट किती किलोची, हा प्रश्न मागे ठेवा. सगळ्यात लहान किती किलोची आहे आणि तिच्या चार मिळतील का, हे आधी विचारा. पुढची कितीतरी वर्षं तुमची ताकद त्याच प्लेटांनी वाढणार आहे.