नाकाचा दांडा कशाचा?

वाशीम, रिसोड, मानोरा या पट्ट्यात बसलेल्या नाकाची माणसं भेटतात. त्यांच्या नाकामागे बहुधा मोटारसायकलवरून पडणं, बैलाची धडक, लहानपणी लागलेला मार किंवा जुना कुष्ठरोग असतो. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांच्या जाहिराती वाचल्या, तर मात्र नाकाचा दांडा उंच करणं ही निव्वळ हौस वाटते आणि सगळा प्रश्न ‘सिलिकॉन की बरगडी’ एवढ्यावर येऊन थांबतो. माझा आक्षेप इथेच आहे. आत काय घालायचं यावर बोलणारे पुष्कळ, ते जिथे बसवायचं त्या जागेचा विचार करणारे थोडे.

हा विषय निघाला की आपल्याला कावसजी आठवतो. इंग्रजी फौजेचा हा बैल हाकणारा टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा साचा केला, तो कपाळावर सपाट करून त्याभोवती रेघ मारली, दोन भुवयांमध्ये जोड राखून कातडी खाली वळवली आणि काताचा लेप लावून टाक्यांशिवाय बसवली. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो जोड कापला. हे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने तीच पद्धत तिथे वापरली. अभिमान रास्तच. पण त्या नाकाला आतून आधार कशाचा होता, हे कुणी विचारत नाही. कशाचाच नव्हता. खालची उघडी बाजू भरताना आकसते आणि निव्वळ कातडीचं नाक पुढे बसत जातं.

त्या आधाराचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. नडगीचं हाड वापरलं गेलं, बरगडीची कूर्चा वापरली गेली, हस्तिदंतही घातला गेला. पॅराफिनची इंजेक्शनं काही वर्षं भलतीच लोकप्रिय होती. पुढे ते मेण सरकलं, त्याच्या गाठी झाल्या, चेहरे विद्रूप झाले. आजही सुईने नाक उंच करून मिळतं, फक्त औषध बदललं आहे. हायल्युरोनिक आम्लाची जेल वर्ष-दोन वर्षांत विरते खरी. पण ती चुकून नाकाच्या रक्तवाहिनीत गेली तर डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि या धोक्यात नाक ही चेहऱ्यावरच्या सर्वांत वाईट जागांपैकी एक आहे. ‘जेवणाच्या सुट्टीत नाक’ असं विकणाऱ्यांनी हे आधी सांगावं.

सिलिकॉनवर सरसकट टीका करणं मला पटत नाही. कोरियात, चीनमध्ये ते वर्षानुवर्षं वापरलं जातं. तिथली जाड कातडी त्याला झाकते, आणि नको झालं तर ते सहज काढता येतं. कारण शरीर त्यात शिरत नाही, त्याभोवती नुसतं आवरण धरतं. पण याच गुणामुळे ते सरकतं. शेंड्यावर ताण देणारा ‘एल’ आकाराचा तुकडा पातळ कातडीतून हळूहळू बाहेर डोकावतो. सच्छिद्र पॉलिथिलीनचं उलटं आहे. ऊती त्यात वाढतात, म्हणून ते पक्कं बसतं. संसर्ग झाला, तर काढताना सर्जनचा घाम निघतो. अपघाताने व्रण पडलेल्या, दोनदा चिरलेल्या नाकात मी तरी परक्या वस्तूच्या बाजूने बोलणार नाही.

मग उरते स्वतःची कूर्चा. नाकाच्या मधल्या पडद्याची सर्वांत सोयीची. पण बसलेल्या नाकात तीच मेलेली किंवा काढून टाकलेली असते. कानाची मऊ आणि वाकडी, शेंड्याला ठीक, दांड्याला अपुरी. म्हणून बरगडी. तिची खोड जुनी आहे: ओली फळी वाळताना वाकते तशी ती कोरल्यावर वाकते. गिब्सन आणि डेव्हिस या संशोधकांनी १९५८ मध्ये याचं कारण दाखवलं. बाहेरच्या थरात ताण असतो, एकच बाजू छिलली की तोल जातो. त्यामुळे गाभ्यातला तुकडा घ्यावा, दोन्ही बाजू सारख्या छिलाव्यात, थोडा वेळ थांबून तो वळतो का ते पाहावं आणि मगच बसवावा. कूर्चेचे बारीक तुकडे करून रुग्णाच्याच शरीरातल्या पातळ आवरणात गुंडाळण्याची रीत गेल्या पंचवीस वर्षांत रुळली. त्यात वाकण्याचा प्रश्नच येत नाही, पण कोसळलेलं छप्पर ती तोलून धरत नाही.

या सगळ्याच्या आधीची गोष्ट कुष्ठरोगाने शिकवली. त्यात बाहेरची कातडी शाबूत असते. नष्ट होतं ते आतलं अस्तर आणि कूर्चा, आणि आकसलेलं अस्तर नाकाला आत ओढून धरतं. अशा नाकात हाड ठोकून बसवलं तर ते टिकत नाही. प्लास्टिक सर्जन हॅरोल्ड गिलीज यांनी आतून कातडी मोकळी करून तिथे पातळ त्वचेचं नवं अस्तर लावायची पद्धत काढली. त्यांचे शिष्य डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याच्या कोंढव्यात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांच्या विद्रूपतेवर शस्त्रक्रिया केल्या. अस्तर आधी, आधार नंतर. नव्या साहित्याच्या कौतुकात हा क्रम विसरला जातो. स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये पाच रुग्णांच्या नाकपुड्यांसाठी त्यांच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली कूर्चा वापरली गेली, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. उत्तम काम, पण तीही निरोगी अस्तरावर आणि चांगल्या कातडीखालीच बसवायची असते.

विदर्भात या कलेचं ठाणं नागपूर. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग उभारला. २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे उद्या बरगडी कोरणारा सर्जन यावाच, पण माझी पहिली मागणी त्याहून साधी आहे. मार लागलेल्या प्रत्येक मुलाच्या नाकात बॅटरी लावून पाहावं. मधल्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी मऊ फुगवटा दिसला तर ते साकळलेलं रक्त आहे. पडद्याची कूर्चा वरच्या आवरणातून मिळणाऱ्या रक्तावर जगते, ते तुटलं की तीन-चार दिवसांत ती मरू लागते, त्यात पू झाला तर आणखी लवकर. रक्त त्याच दिवशी काढून नाकात घट्ट बोळा भरला, तर त्या मुलाला विसाव्या वर्षी बरगडी द्यावी लागत नाही. त्यासाठी लागतो एक प्रकाश, एक छोटा चाकू आणि ‘सूज उतरेल, घरी जा’ असं न म्हणणारा डॉक्टर.