ग्रंथविक्रेत्याचा विसर

ग्रंथ लिहिणारा एक, छापणारा दुसरा आणि तो वाचकाच्या हाती देणारा तिसरा. ह्या तिघांपैकी पहिल्या दोघांची आमच्या वाङ्मयेतिहासाने योग्य ती संभावना केली. तिसऱ्याची मात्र आबाळ झाली, असे खेदाने म्हणावे लागते.

शंकर गणेश दाते ह्यांच्या मराठी ग्रंथसूचीचा १८०० ते १९३७ ह्या काळाचा खंड १९४३ साली निघाला. अ. का. प्रियोळकरांचा भारतातील मुद्रणकलेवरील इंग्रजी ग्रंथ १९५८ चा. गोव्यास १५५६ साली उतरलेला छापखाना मुळात हबसाणासाठी निघाला होता, येथपासूनची हकीकत प्रियोळकर सांगतात. दोघांचेही परिश्रम वंदनीय होत. पण ग्रंथ छापून झाला की त्याची कथा संपली, असा समज ह्या परंपरेने रूढ केला. तो ग्रंथ कोणत्या गावी, कोणाच्या पाठीवरून आणि कोणत्या बाजारात गेला, हा प्रश्न उभाच राहतो.

इटलीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. १४६९ साली व्हेनिसच्या सरकाराने श्पायरच्या योहानास मुद्रणाचा पाच वर्षांचा मक्ता दिला. पुढल्याच वर्षी तो वारला, मक्ता संपला आणि धंदा सर्वांस मोकळा झाला. आल्दुस मानुत्सिउस ह्याने १४९८ साली आपल्या ग्रीक ग्रंथांची यादी किंमतींसह छापली आणि १५०१ पासून अभिजात लॅटिन ग्रंथ हातात सहज मावतील अशा आकारात काढले. येथपर्यंतची कथा विद्वानांस ठाऊक असते. पण त्याच देशात पोंत्रेमोलीजवळ माँतेरेज्जो नावाचे डोंगरी खेडे आहे. तेथील माणसे ग्रंथांच्या टोपल्या पाठीवर घेऊन उत्तर इटलीत गावोगाव हिंडत. त्यांच्या वंशजांनी पुढे शहरांतून दुकाने थाटली, आणि पोंत्रेमोली येथे पुस्तकविक्रेत्यांच्या मताने दिले जाणारे एक वाङ्मयीन पारितोषिक सुरू झाले. १९५३ साली ते प्रथम हेमिंग्वेस मिळाले. ग्रंथ वाहणाऱ्यासही ग्रंथाची पारख असते, हे त्या देशाने मान्य केले.

आमच्याकडे ही पारख नव्हती काय? छापील शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीस शिवण्यास कचरत, तेव्हा तुपाची शाई करून धर्मग्रंथ छापण्यात आले. १८३१ साली मुंबईस शिळाछापाचे पंचांग काढणारे गणपत कृष्णाजी ह्यांचे नाव ह्या संदर्भात घेतले जाते. ही युक्ती केवळ मुद्रकाची नव्हे. गिऱ्हाइकाचे मन ओळखणारी ती विक्रेत्याची बुद्धी होय. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनी ज्ञानकोशासाठी मंडळी उभी केली आणि वर्गणीदार जमविले. लेखक, प्रकाशक आणि विक्रेता ह्या तिन्ही भूमिका एकाच पुरुषाने वठविल्या, म्हणूनच ते प्रचंड कार्य तडीस गेले.

हेच केतकर १९३१ साली हैदराबादेस भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्या काळी बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. दरबाराची भाषा उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. पुण्यामुंबईच्या प्रकाशकास येथे बाजारपेठ दिसली नाही, ह्यात नवल ते काय? १९४८ साली ते राज्य संपले आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. परंतु सीमा पुसल्याने पुस्तकांची वाट आपोआप पडत नाही.

कोणी म्हणेल, वाचकच नव्हते तेथे दुकान कशास? हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. ह्याच जिल्ह्यातील अंबाजोगाईस दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत ग्रंथरचना केली आणि कागद सोडून पासोडीवरही लिहिले. छापखान्याच्या पूर्वी पोथ्यांच्या नकला हातांनी होत, कीर्तनांतून हजारोंच्या कानी पडत. भूक होती, वाढणारा नव्हता.

आज परिस्थिती पालटली आहे खरी. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि गावोगावच्या ग्रंथालयांस सरकारी अनुदान मिळू लागले. घरबसल्या मागविलेले पुस्तक बिंदुसरेच्या धरणाजवळील आमच्या पालीसही पोहोचू शकते. पण येथेच खरी मेख आहे. मागविता येते ते नाव ठाऊक असलेले पुस्तक. ज्याचे नावही कधी ऐकले नाही असा ग्रंथ समोर ठेवून ‘हा पाहा’ म्हणणारा मनुष्य टपालाने येत नाही. आणि ग्रंथालयाच्या खरेदीवर डोळा ठेवून छापणारा प्रकाशक ह्या अनोळखी वाचकाचा विचार करीलच, असा भरवसा धरवत नाही.

यास्तव आमच्या संशोधकांस एवढीच विनंती आहे की, जुन्या ग्रंथांच्या शेवटच्या पानांवरील जाहिराती, किंमतींच्या याद्या, जत्रेत पोथ्या विकणाऱ्यांच्या वह्या ह्यांचा संग्रह वेळीच करावा. रद्दीत जाणारे हे कागद गेले, म्हणजे मराठी ग्रंथ कोणी वाचले, ह्या प्रश्नाचे उत्तरही त्यांजबरोबर जाईल.