आपले लेकरू, परके लेकरू

रहस्यकथा म्हटली की पुष्कळ साहित्यिक मंडळी नाक मुरडतात. आम्ही मात्र इब्ने सफींच्या ‘जासूसी दुनिया’वर वाढलो, त्यामुळे हा संकोच आम्हाला कधी वाटला नाही. त्या कथांत गुन्हा कितीही भयंकर असो, शेवटी कर्नल फरीदी येणार आणि कायद्याचा विजय होणार, हा भरवसा असे. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या एड्रियन मॅकिन्टी यांची ‘द चेन’ (२०१९) ही इंग्रजी कादंबरी नेमका तो भरवसाच काढून घेते.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्लम आयलंडवर तेरा वर्षांची कायली शाळेच्या बसची वाट पाहत असताना पळवली जाते. तिची आई रेचेल घटस्फोटित, कर्करोगाशी झुंजणारी. तिला फोनवर बजावले जाते : खंडणी भर आणि दुसऱ्या कुणाचे तरी मूल पळव. त्या मुलाच्या आईबापांनी पैसे भरून तिसरे मूल पळवले की तुझी मुलगी सुटेल. पोलिसांकडे गेलीस, तर ती मरेल. कायलीला डांबून ठेवणारे जोडपेही सराईत गुन्हेगार नाही. त्यांचाही मुलगा असाच कुणाच्या तरी ताब्यात आहे.

आमच्या लहानपणी मदीन्याच्या शेख अहमदच्या स्वप्नाची पत्रके घरोघर फिरत. इतक्या प्रती काढून वाटा, नाहीतर संकट कोसळेल, अशी त्यात धमकी असे. मॅकिन्टींनाही अशाच साखळीपत्रांवरून आणि मेक्सिकोत ओलिसाच्या जागी घरचे दुसरे माणूस देण्याच्या प्रकारावरून ही कल्पना सुचली. भय पुढच्याच्या गळ्यात घालायचे आणि आपण सुटायचे! पण पत्रके अंधश्रद्धेवर चालत. ही साखळी चालते आईच्या मायेवर. हे दाखवणे, हेच या कादंबरीचे खरे सामर्थ्य.

रेचेल फेसबुक चाळून सावज शोधते. पालकांनी हौसेने टाकलेली छायाचित्रे, मुलांच्या येण्याजाण्याच्या वेळा, सारे तिथे आयतेच मिळते. शिक्षक म्हणून ही पाने वाचताना आम्ही अस्वस्थ झालो. रोज सकाळी लोक आपली लेकरे आमच्या हाती अमानत म्हणून सोपवतात. एका तळघरात लहानगी अमेलिया बंदिस्त होते, तेव्हा प्रश्न उभा राहतो : आपले लेकरू वाचवण्यासाठी परक्याचे लेकरू पणाला लावण्याचा हक्क आईला आहे काय?

खेद एवढाच की, उत्तरार्धात लेखक या प्रश्नापासून दूर जातो. साखळीचे सूत्रधार समोर येतात, पाठलाग आणि गोळीबार सुरू होतो आणि सगळे पाप त्यांच्या माथी मारले जाते. कायलीच्या मनावरची जखम लेखकाने आस्थेने दाखवली आहे. मात्र अमेलियाच्या आईला आपली व्यथा सांगायला त्याने फारशी जागा दिलेली नाही. रेचेलला आम्ही गुन्हेगार म्हणणार नाही. तिच्या जागी आम्ही काय केले असते, हे आम्हालाही सांगता येत नाही. पण तिने त्या दुसऱ्या आईसमोर बसून तिचे ऐकायला हवे होते. ते एक प्रकरण असते, तर ही चांगली रहस्यकथा मोठी कादंबरी झाली असती. तरीही ती जरूर वाचावी, विशेषतः आईबापांनी.