दुसऱ्या भाषेचे शिक्षक : वेरूळ-खुलताबाद परिसरातील इंग्रजी अध्यापनाची चिकित्सा

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवण्याचा निर्णय २००० साली, रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना, अमलात आला आणि त्यावरचा वाद मुख्यतः मुलांच्या वयाभोवती फिरत राहिला. सहा वर्षांच्या मुलावर परक्या भाषेचे ओझे टाकावे की मातृभाषेचा पाया आधी पक्का होऊ द्यावा, हाच त्यातला कळीचा मुद्दा होता. ज्यांना हे काम प्रत्यक्ष करायचे होते त्या शिक्षकांकडे मात्र वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंचे लक्ष कमीच गेले. खेड्यातील शाळेत पहिलीच्या वर्गावर असलेला शिक्षक बहुधा स्वतः पाचवीपासून, आणि वयाने मोठा असेल तर आठवीपासून, इंग्रजी शिकलेला होता, डी.एड. या पदविकेने त्याला सर्व विषय शिकवण्यास पात्र ठरवले होते, पण इंग्रजी बोलण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच आला होता. निर्णयामागचा समतेचा युक्तिवाद खोटा नव्हता, कारण शहरातील इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला जे बालवर्गापासून मिळते ते खेड्यातील मुलाला पाचवीपर्यंत नाकारणे कोणत्याही न्यायात बसत नव्हते. ज्याच्या हातून हा न्याय व्हायचा त्याची तयारी करून घेण्याचे काम तेवढे मागाहून करण्यासाठी राहिले आणि पुष्कळ अंशी ते अजूनही तसेच राहिले आहे.

भाषाशिक्षणाच्या शास्त्रात ‘द्वितीय भाषा’ आणि ‘परकीय भाषा’ असा भेद केला जातो. जी भाषा घरची नसली तरी भोवतालच्या व्यवहारात ऐकू येते ती द्वितीय, आणि जी केवळ वर्गाच्या चार भिंतींत भेटते ती परकीय. या भेदाचा शिक्षकाच्या कामाशी थेट संबंध आहे, कारण द्वितीय भाषेच्या शिक्षकाला वर्गाबाहेरच्या ऐकण्या-बोलण्याचा आधार मिळतो, तर परकीय भाषेच्या शिक्षकाला ते सारे वर्गातच उभे करावे लागते. खुलताबाद तालुक्यातील एखाद्या वर्गाला हा भेद लावू गेल्यास तो लगेच अपुरा पडतो. या भागात काही मुलांच्या घरी मराठी, काहींच्या घरी दखनी उर्दू आणि तांड्यावरून येणाऱ्या मुलांच्या घरी गोरबोली बोलली जाते; तांड्यावरच्या मुलाला शाळेची मराठी हीच दुसरी भाषा असते, त्यात पाचवीपासून हिंदीची भर पडते आणि त्या मुलाची इंग्रजी चौथ्या क्रमांकावर जाते. दहावीच्या परीक्षा मंडळाच्या लेखीही मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची इंग्रजी ‘तृतीय भाषा’ आहे, मात्र अध्यापनाच्या पद्धती ज्या ग्रंथांतून येतात ते बहुतेक द्वितीय भाषेच्या गृहीतकावर उभे आहेत.

याच तालुक्यातील वेरूळ गाव या चित्राला वेगळे वळण देते. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या या गावी ३४ लेणी आहेत, १९८३ सालापासून त्यांची गणना जागतिक वारशात होते आणि घृष्णेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांइतकीच परदेशी प्रवाशांचीही येथे सवय आहे. लेण्यांच्या वाटेवर दगडी मूर्ती, स्फटिक, माळा आणि चित्रपुस्तिका विकणारा विक्रेता प्रवाशाला इंग्रजीतून थांबवतो, भाव सांगतो, नकार आला तर भाव उतरवतो आणि प्रवासी कुठल्या देशाचा हे ओळखून दोन शब्द त्याच्या भाषेतलेही फेकतो. व्याकरणाचा एकही नियम त्याला सांगता येणार नाही, पण आपले बोलणे समोरच्याला समजले की नाही हे त्याला तत्क्षणी कळते, कारण समजले नाही तर विक्री होत नाही. या इंग्रजीचे कौतुक मर्यादेतच करावे लागते : ती ठरावीक वीस-पंचवीस वाक्यांच्या परिघात फिरते, तिच्यात वाचन-लेखन जवळपास नाही आणि तिच्या बळावर कोणी अभियांत्रिकीचे पुस्तक वाचू शकत नाही. तरीही भाषा गरजेतून आणि खऱ्या श्रोत्यासमोर येते, हे शिक्षणशास्त्रातले प्रमेय सिद्ध झालेले पाहायचे असेल तर त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. शाळेच्या पाठ्यक्रमाला मात्र या बाजाराची दखल नाही. वेरूळच्या मुलासाठी छापलेले इंग्रजीचे पुस्तक आणि गडचिरोलीच्या मुलासाठी छापलेले पुस्तक एकच असते, हे राज्याच्या दृष्टीने सोयीचे असले तरी कैलास लेण्याच्या इंग्रजी वर्णनाइतके सहज उपलब्ध असलेले साहित्य वर्गात कधी येत नाही, याचे आश्चर्य वाटावे.

याच जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. २०१९ साली तेथील मुलांना कोणती परकीय भाषा शिकायला आवडेल असे विचारले गेले, तेव्हा अनेकांनी यंत्रमानवांच्या ओढीने जपानी निवडली, आणि इंटरनेटवरील साहित्य व एका जाणकाराचे मार्गदर्शन यांच्या आधारे ती जपानीत संवाद करू लागली. या प्रयोगाला परीक्षा, गुण वा नापास होण्याची भीती यांचा स्पर्श नव्हता आणि भाषा मुलांनी स्वतः निवडलेली होती. इंग्रजीच्या शिक्षकाला यांपैकी काहीच लाभत नाही. त्याच्या विषयाला पहिल्या दिवसापासून भीतीची सोबत असते.

मराठवाड्यात या भीतीला इतिहासाचीही जोड आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील उच्च शिक्षणाची भाषा मुख्यतः उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवून बाकीचे सारे ज्ञान उर्दूतून देण्याचा धाडसी प्रयोग केला होता. मराठीभाषक मुलाला उर्दूचा उंबरठा ओलांडून इंग्रजीपर्यंत पोचावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यानंतरच या प्रदेशात इंग्रजी घेऊन पदवीधर होणाऱ्यांची, म्हणजे पुढच्या शिक्षकांची, संख्या वाढू लागली. पुण्या-मुंबईकडे इंग्रजी अध्यापनाला शंभराहून अधिक वर्षांची सलग परंपरा आहे. येथे ती दोन-तीन पिढ्यांची आहे, आणि त्यातल्या पहिल्या पिढीने इंग्रजी ऐकून नव्हे, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांतून उलगडून मिळवली.

पद्धतींच्या बाबतीत भारत काही मागे नव्हता. मायकेल वेस्ट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमधील अनुभवावरून वाचनाला अग्रक्रम देण्याचा आग्रह धरला. स्वातंत्र्यानंतर ठरावीक वाक्यरचना क्रमाने घोटून घेणारी रचना पद्धती देशभर पसरली. १९७९ पासून पाच वर्षे एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील शाळांत व्याकरण शिकवण्याऐवजी मुलांना सोडवण्यासाठी कृती देण्याचा प्रयोग केला आणि त्याची नोंद जगभरच्या भाषाशिक्षकांनी घेतली. त्यानंतर संप्रेषणात्मक पद्धती आली, महाराष्ट्रात ज्ञानरचनावादाची लाट आली, आणि फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकवण्याची रीत, तीही आली. इतके सगळे येऊन गेल्यावरही बहुसंख्य वर्गांत जे चालते ते असे : शिक्षक एक वाक्य वाचतो, त्याचा मराठी अर्थ सांगतो, पुढचे वाक्य वाचतो, अर्थ सांगतो, धडा संपल्यावर प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहितो आणि मुले ती उतरवून घेतात. प्रशिक्षणवर्गांत या प्रकाराची थट्टा होते, पण त्यामागे शिक्षकाचा आळसच असतो असे समजणे अन्यायाचे आहे, कारण एका वर्गात वाचता येणारी आणि अक्षरे न ओळखणारी मुले एकत्र बसलेली असताना सर्वांच्या पदरात काहीतरी पडेल याची खात्री देणारी ती एकमेव रीत असते.

या वर्गातील पाठ्यपुस्तक उघडून पाहिले तर अनेक ओळींच्या वर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेला आढळतो. मुलांची ही युक्ती शिक्षकाला खटकते, तरी तिच्यात तथ्य आहे. देवनागरीत जे लिहिलेले असते ते जवळपास तसेच वाचायचे असते. इंग्रजीत ‘कॉफ’, ‘रफ’, ‘थ्रू’ आणि ‘दो’ या चार शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरे असून उच्चार चार तऱ्हांचे होतात, तेव्हा आपल्या लिपीवर भरवसा ठेवणारे मूल त्या भरवशाचा उपयोग करून घेते. व्याकरणातील अडचण याहून खोल आहे. मराठीत भूक, तहान, आवड, आठवण, माहिती, जमणे आणि नातेवाईक असणे या साऱ्या गोष्टी ‘मला’ने सुरू होतात : मला भूक लागली, मला आठवते, मला पोहता येते, मला दोन भाऊ आहेत. इंग्रजीत यांतील बहुतेक ठिकाणी ‘मी’ हा कर्ता होतो आणि क्रियापद दर वेळी निराळे येते. लहान मुलाचे स्वतःविषयीचे बोलणे बहुतांशी या ‘मला’च्या घरातले असल्यामुळे ‘कर्ता, क्रियापद, कर्म’ हे फळ्यावरचे सूत्र पाठ करूनही त्याला आपल्या मनातले पहिले वाक्य इंग्रजीत मांडता येत नाही. मराठीला बाजूला सारून ही गाठ सुटत नाही. दोन्ही भाषांच्या रचना शेजारी ठेवूनच ती सुटते, आणि मराठी उत्तम जाणणारा शिक्षक येथे दुबळा नसून समर्थ असतो. दुर्दैवाने ‘इंग्रजीच्या तासाला मराठी नको’ या जुन्या दंडकाने त्याला स्वतःच्या या बळाचीच लाज वाटायला लावले आहे.

परीक्षा मात्र त्या दंडकाला जुमानत नाही. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत काही गुण सरळ सरळ भाषांतराला असतात. प्रशिक्षणात भाषांतर त्याज्य आणि कृतिपत्रिकेत ते गुणांचे, अशा कात्रीत सापडलेला शिक्षक गुणांची बाजू घेतो यात नवल नाही. बोलण्याची स्थिती याहून वाईट आहे. श्रवण व भाषण यांचे अंतर्गत गुण शाळेने द्यायचे असतात आणि ते सढळ हाताने दिले जातात हे सर्वश्रुत आहे. हे गुण २०१९ च्या परीक्षेपुरते काढून टाकण्यात आले, तेव्हा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला, ओरड झाली आणि पुढच्याच शैक्षणिक वर्षापासून २० गुण परत आले. घसरणीला नव्या अभ्यासक्रमासारखी इतरही कारणे होती हे मान्य केले तरी या प्रकरणात बोलणे कसे तपासावे हा प्रश्न कोणी विचारला नाही. गुण असावेत की नसावेत एवढाच वाद झाला. ज्या कौशल्याची खरी परीक्षा कधी होत नाही ते कौशल्य शिक्षकाने आठवड्यातील तासिका खर्चून शिकवावे, ही अपेक्षा केवळ सद्भावनेवर उभी आहे, आणि गाइडे व ‘२१ अपेक्षित’ यांच्या बाजारात सद्भावना फार काळ तग धरत नाही.

कामाच्या परिस्थितीविषयी थोडक्यातच सांगणे पुरे. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. मतदारयाद्या, पोषण आहार आणि ऑनलाइन माहितीचे रकाने यांत दिवस जातो. आणि मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास वर्गातून दिसेनाशी होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा भाषेसारख्या सरावावर जगणाऱ्या विषयाचे सर्वांत अधिक नुकसान होते.

प्रशिक्षणाच्या बाबतीत या जिल्ह्याची तक्रार खरे तर सर्वांत कमी असायला हवी, कारण राज्य आंग्ल भाषा संस्था ही इंग्रजीच्या शिक्षकांना घडवण्यासाठी असलेली शासकीय संस्था औरंगाबादेतच राहिली. प्रशिक्षणाची प्रचलित रीत साखळीची आहे : राज्यपातळीवर काहींना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्यात आणखी काहींना आणि त्यांनी तालुक्यात उरलेल्यांना. प्रत्येक कडीला आशय पातळ होत जातो आणि खुलताबादच्या शिक्षकापर्यंत मुख्यतः घडीपत्रिका आणि हजेरीपट पोचतो. राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या ‘तेजस’ उपक्रमाने ही साखळी तोडून शेजारच्या शाळांतील शिक्षकांचे छोटे गट बांधले, त्यांनी ठरावीक काळाने जमून आपापल्या वर्गातील अडचणी आपापसात इंग्रजीतून बोलाव्यात असे ठरवले, आणि औरंगाबाद विभागाचाही त्यात समावेश होता. या कल्पनेचे मोल पद्धतीपेक्षा शिक्षकाच्या तोंडी इंग्रजी येण्यात आहे, कारण जो स्वतः चुकत-माकत बोलला आहे तोच मुलाची चूक सहन करू शकतो. असे गट बदल्यांच्या एका फेरीतही विसकटू शकतात, म्हणून त्यांना शिक्षकाच्या नियमित वेळापत्रकात जागा मिळणे अगत्याचे आहे.

दरम्यान प्रश्नाने कूस बदलली आहे. इंग्रजी शाळांकडे वळणारी मुले थोपवण्यासाठी आणि पटसंख्या टिकवण्यासाठी अनेक मराठी शाळांनी सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व बाकीचे विषय मराठीतून, हा मार्ग पत्करला आहे. आता इंग्रजीच्या तासाला जी वाक्यरचना मुलाला पेलत नाही तिच्यातूनच त्याला भागाकार आणि प्रकाशाचे परावर्तन समजून घ्यायचे असते, आणि ते समजावून देणारा गणिताचा शिक्षक व्यवहारात इंग्रजीचाही शिक्षक झालेला असतो. इंग्रजीच्या प्रशिक्षणवर्गाचे बोलावणे मात्र वेळापत्रकात ज्याच्या नावापुढे इंग्रजी हा विषय लिहिलेला आहे त्यालाच येते.